हास्केलमध्ये फिल्टरचे टाईप एरर: स्ट्रिंग आणि लिस्ट गाळताना काय तपासायचं

फिल्टर म्हणजे लिस्टमधले हवे ते घटक ठेवून बाकीचे गाळणारं फंक्शन. वाचताना सरळ वाटतं आणि पहिली दोन-तीन उदाहरणं बिनबोभाट चालतातही. मग एका स्ट्रिंगमधून एखादं अक्षर काढायला जावं, तर कंपायलर दहा ओळींचा लाल मजकूर समोर टाकतो. अशा वेळी बरेच नवे लोक कंस हलवून बघतात, अवतरणचिन्ह बदलून बघतात, आणि नशिबाने कंपाईल झालं की पुढे जातात. पुढच्या आठवड्यात तोच एरर पुन्हा दारात उभा असतो, कारण तो का आला होता हे कळलेलंच नसतं.

फिल्टरचे जवळजवळ सगळे टाईप एरर दोन प्रश्नांनी सुटतात. माझ्या लिस्टचा *एक* घटक कोणत्या टाईपचा आहे? आणि मी दिलेलं फंक्शन नेमका तोच टाईप घेऊन बूल (म्हणजे खरं किंवा खोटं) परत देतं का? हे दोन प्रश्न सवयीचे झाले की लाल मजकूर घाबरवत नाही, उलट तो कामाला येतो.

उदाहरणं हास्केल या प्रोग्रॅमिंग भाषेतली आहेत. या लेखात कोडमधली नावंही देवनागरीत लिहिली आहेत, म्हणजे वाचताना अडखळायला होणार नाही. एडिटरमध्ये हास्केलची नावं आणि कीवर्ड नेहमीप्रमाणे रोमन लिपीतच टाईप करायचे. दुहेरी अवतरणातला मजकूर मात्र देवनागरीत दिला तरी चालतो.

पहिली पायरी: फिल्टरचा टाईप तोंडपाठ करा

```
फिल्टर :: (ए -> बूल) -> [ए] -> [ए]
```

पहिला अर्ग्युमेंट एक फंक्शन आहे. ते एक ए घेतं आणि खरं की खोटं ते सांगतं. याला प्रेडिकेट म्हणतात. दुसरा अर्ग्युमेंट म्हणजे ए-ची लिस्ट, आणि परत मिळते तीही ए-चीच लिस्ट. इथे ए काहीही असू शकतो, पण तिन्ही ठिकाणी एकच असावा लागतो. एका जागी तो कॅर (एक सुटं कॅरॅक्टर) ठरला की बाकीच्या दोन जागीही कॅरच.

आता दुसरी ओळ, जिच्यामुळे स्ट्रिंगचा सगळा गोंधळ होतो:

```
टाईप स्ट्रिंग = [कॅर]
```

हास्केलची साधी स्ट्रिंग हा वेगळा प्रकार नाहीच. ती कॅरची, म्हणजे सुट्या कॅरॅक्टरची, लिस्ट आहे. त्यामुळे स्ट्रिंगवर फिल्टर चालवलं की ए म्हणजे कॅर. स्ट्रिंगच्या लिस्टवर चालवलं की ए म्हणजे स्ट्रिंग. आणि स्ट्रिंगची लिस्ट म्हणजे उघड करून लिहिलं तर [[कॅर]], दोन चौकोनी कंस. फिल्टर नेहमी बरोबर एकच कंस उघडून आत बघतं, दुसरा उघडत नाही. पुढच्या निम्म्याहून अधिक चुका या एकाच वाक्यात बसतात, म्हणून इथे थोडं थांबून हे पक्कं करून घ्या.

दुसरी पायरी: आधी सिग्नेचर लिहा, मग कोड

सिग्नेचर म्हणजे फंक्शन काय घेतं आणि काय देतं हे सांगणारी :: ची ओळ. हे मी आग्रहाने सांगतो, कारण त्याने एरर येणं थांबत नसलं तरी तो बरोबर जागी दिसायला लागतो. हे पाहा. जीएचसीआय (हास्केलची ओळ लगेच चालवून दाखवणारा प्रॉम्प्ट) उघडून कोणी असं लिहिलं:

```
फिल्टर (/= "क") "कमळ"
```

हेतू उघड आहे: "कमळ" मधला क काढायचा (/= म्हणजे 'समान नाही'). पण कंपायलर बोट ठेवतो ते "कमळ" वर! एरर म्हणतो की फिल्टरच्या दुसऱ्या अर्ग्युमेंटमध्ये अपेक्षित टाईप [[कॅर]] होता आणि प्रत्यक्षात स्ट्रिंग मिळाली. नवा माणूस मग "कमळ" भोवती चौकोनी कंस घालतो. कंपाईल होतं, आणि उत्तर येतं ["कमळ"]. क जिथल्या तिथे.

असं का झालं? कंपायलरने आधी पहिला अर्ग्युमेंट पाहिला. तिथे "क" दुहेरी अवतरणात आहे, म्हणजे स्ट्रिंग. त्यावरून त्याने ए म्हणजे स्ट्रिंग असं ठरवलं. आता दुसऱ्या जागी स्ट्रिंगची लिस्ट हवी, पण तिथे साधी स्ट्रिंग आहे, म्हणून तक्रार. टाईप ओळखण्याची ही पद्धत 1978 साली रॉबिन मिल्नर यांनी मांडलेल्या कामावर उभी आहे. ती फार बुद्धिमान आहे, पण दोन गोष्टी जुळत नसतील तर त्यांतली *तुमच्या मनातली* चूक कोणती, हे तिला कळू शकत नाही. तिला फक्त विसंगती दिसते.

आता तेच फंक्शन सिग्नेचरसकट लिहू:

```
क_काढ :: स्ट्रिंग -> स्ट्रिंग
क_काढ ओळ = फिल्टर (/= "क") ओळ
```

या वेळी परत काय मिळायला हवं हे कंपायलरला आधीच माहीत आहे: स्ट्रिंग, म्हणजे [कॅर]. ए म्हणजे कॅर हे तिथेच ठरलं. त्यामुळे आता बोट थेट "क" वर येतं: इथे कॅर हवा होता, स्ट्रिंग आली. दुरुस्ती एका चिन्हाची:

```
क_काढ ओळ = फिल्टर (/= 'क') ओळ
```

एकेरी अवतरण म्हणजे एक कॅर, दुहेरी म्हणजे स्ट्रिंग. पायथन किंवा जावास्क्रिप्टवरून आलेल्यांना इथे हमखास ठेच लागते, कारण तिथे दोन्ही अवतरणं सारखीच. हास्केलमध्ये "क" ही एक घटक असलेली लिस्ट आहे, आणि 'क' हा तो घटक.

तिसरी पायरी: एरर कसा वाचायचा

जीएचसी या हास्केलच्या कंपायलरच्या 9.6 आवृत्तीपासून प्रत्येक एररला क्रमांक असतो. टाईप न जुळल्याचा जो एरर तुम्हाला सतत दिसेल त्याचा क्रमांक बहुतेक वेळा जीएचसी-83865 असतो. हास्केल एरर इंडेक्स नावाच्या संकेतस्थळावर बऱ्याच क्रमांकांचं स्पष्टीकरण उदाहरणासकट मिळतं.

मजकुरातले दोन शब्द महत्त्वाचे: *एक्स्पेक्टेड* आणि *ॲक्च्युअल*. एक्स्पेक्टेड म्हणजे त्या जागेला काय हवं आहे. ॲक्च्युअल म्हणजे तुम्ही तिथे ठेवलेल्या गोष्टीचा टाईप. हे दोन टाईप कागदावर एकाखाली एक लिहा आणि चौकोनी कंस मोजा. स्ट्रिंग दिसली तर ती [कॅर] अशी उघडून लिहा.

ॲक्च्युअलमध्ये एक कंस जास्त असेल, तर तुम्ही एक थर वर उभे आहात, आत उतरायला हवं. एक कंस कमी असेल, तर जरुरीपेक्षा आत उतरला आहात. कंस सारखेच आहेत पण आतलं नाव वेगळं आहे, तर प्रेडिकेटच चुकीचं निवडलं आहे. आणि एका बाजूला बाण (->) आहे, दुसऱ्या बाजूला नाही, तर एखाद्या फंक्शनला अर्ग्युमेंट कमी किंवा जास्त दिले आहेत.

त्यानंतर "इन द सेकंड अर्ग्युमेंट ऑफ फिल्टर" अशा धर्तीची ओळ वाचा. ती जागा सांगते. पण वर पाहिलं तसं, दोष शेजारच्या अर्ग्युमेंटमध्येही असू शकतो. म्हणून दोन्ही तपासा.

चौथी पायरी: जागा रिकामी सोडून विचारा

प्रेडिकेट काय लिहावं हे सुचत नसेल तर अंदाज बांधू नका. तिथे नुसता अंडरस्कोर ठेवा:

```
अंक_ठेव :: स्ट्रिंग -> स्ट्रिंग
अंक_ठेव ओळ = फिल्टर _ ओळ
```

कंपायलर सांगतो: होल सापडलं, त्याचा टाईप कॅर -> बूल. खाली त्या जागी बसू शकतील अशा फंक्शनांची यादीही देतो. डेटा.कॅर हे मॉड्यूल इम्पोर्ट केलेलं असेल तर इजडिजिट (अंक आहे का), इजस्पेस (मोकळी जागा आहे का), इजअल्फा (अक्षर आहे का) अशी नावं त्या यादीत दिसू शकतात. याला टाईप्ड होल म्हणतात. हास्केल शिकताना मला सर्वांत आवडणारी सोय हीच, आणि नव्या लोकांना ती फार उशिरा सापडते. जीएचसीआयमध्ये :टाईप ही आज्ञा देऊन कुठल्याही फंक्शनचा टाईप विचारता येतो, तीही हाताशी ठेवा.

इथवर साधनं झाली. आता प्रत्यक्षात येणाऱ्या चुका घेऊ. सगळ्यांना सारखा वेळ देत नाही, काही एका ओळीत संपतात.

स्ट्रिंगची लिस्ट आणि कॅरचं प्रेडिकेट

```
नोंदी :: [स्ट्रिंग]
नोंदी = ["अ1", "ब", "क23"]

फिल्टर इजडिजिट नोंदी
```

इजडिजिट कॅर घेतं. नोंदींचा एक घटक मात्र स्ट्रिंग आहे. एक्स्पेक्टेड [कॅर], ॲक्च्युअल [[कॅर]], एक कंस जास्त. पण इथे फक्त टाईप जुळवून भागत नाही, कारण टाईप जुळवायचे तीन मार्ग आहेत आणि तिन्हींची उत्तरं वेगळी:

```
फिल्टर (एनी इजडिजिट) नोंदी
  -- ["अ1","क23"]

मॅप (फिल्टर इजडिजिट) नोंदी
  -- ["1","","23"]

कॉन्कॅटमॅप (फिल्टर इजडिजिट) नोंदी
  -- "123"
```

पहिलं विचारतं, कोणत्या *नोंदी* ठेवायच्या? ज्यांत निदान एक तरी अंक आहे त्या. दुसरं प्रत्येक नोंदीच्या आत शिरून तिथले *कॅर* गाळतं. नोंदींची संख्या तीच राहते, म्हणून मधे एक रिकामी स्ट्रिंग दिसते. तिसरं सगळं एका स्ट्रिंगमध्ये ओततं. कंपायलर या तिन्हींना होकार देईल, निवड तुमची. म्हणून दुरुस्तीआधी स्वतःला विचारा की गाळायचं काय आहे, अख्खी नोंद की नोंदीतलं अक्षर. पहिल्या प्रकाराला प्रेडिकेट बदलायचं असतं, दुसऱ्याला बाहेर मॅप लावायचा असतो.

एनीच्या जागी ऑल घातलं तर सगळेच कॅर अंक असलेल्या नोंदी मिळतील. एक बारकावा लक्षात ठेवा: रिकाम्या स्ट्रिंगवर ऑल नेहमी खरं सांगतं. रिकाम्या नोंदी नको असतील तर त्या आधीच गाळाव्या लागतात (नल सांगतं की लिस्ट रिकामी आहे का):

```
फिल्टर (नॉट . नल) नोंदी
```

नकार जोडताना: नॉट आणि टिंब

वरच्या ओळीत टिंब आहे, ते विसरलं की हा एरर येतो. "अंक नसलेले ठेव" असं म्हणायचं असतं आणि हात आपोआप लिहितो:

```
फिल्टर (नॉट इजडिजिट) ओळ
```

नॉटला एक बूल हवा असतो. इथे त्याच्या हातात अख्खं फंक्शन दिलं. एक्स्पेक्टेड बूल, ॲक्च्युअल कॅर -> बूल. एका बाजूला बाण आहे, दुसऱ्या बाजूला नाही. जीएचसी स्वतःच सुचवतो की इजडिजिटला अर्ग्युमेंट कमी पडले असावेत. दुरुस्ती दोन्हींपैकी कोणतीही:

```
फिल्टर (नॉट . इजडिजिट) ओळ
फिल्टर (\क -> नॉट (इजडिजिट क)) ओळ
```

टिंब म्हणजे फंक्शनांची जोडणी: आधी उजवं, मग डावं. सुरुवातीला दुसरी, लॅम्ब्डाची (म्हणजे बिननावाच्या फंक्शनची) पद्धत वापरा, लाजण्यासारखं त्यात काही नाही. "किंवा" लागलं की नुसत्या टिंबाने भागत नाही आणि लॅम्ब्डा सोपा पडतो. (इजडिजिट || इजस्पेस) असं लिहिलं तर हाच एरर येईल, कारण || लाही दोन बूल हवेत, फंक्शनं नकोत:

```
फिल्टर (\क -> इजडिजिट क || इजस्पेस क) ओळ
```

एलेमचा क्रम

ठरावीक अक्षरंच ठेवायची असतील तर एलेम उपयोगी. पण त्याचा पहिला अर्ग्युमेंट घटक असतो आणि दुसरा लिस्ट. म्हणून हे चुकतं:

```
फिल्टर (एलेम "कखग") ओळ
```

इथे "कखग" हा घटक मानला गेला. आता एलेम स्ट्रिंगने भरलेली कुठलीतरी गोष्ट मागतं आणि एररमध्ये "टी0 स्ट्रिंग" असं अनोळखी नाव दिसतं. एररमध्ये मधूनच टी0 उगवलं की समजावं, कंटेनरच्या जागी कंटेनर नसलेली गोष्ट आली आहे, अर्ग्युमेंटची अदलाबदल झाली असावी. नावाभोवती बॅकटिक घालून ते मधे लिहिलं की मोकळी जागा डावीकडे येते:

```
फिल्टर (`एलेम` "कखग") ओळ
फिल्टर (`नॉटएलेम` ["आणि", "व"]) (वर्ड्स ओळ)
```

दुसरी ओळ शब्दांवर चालते: वर्ड्स स्ट्रिंगचे तुकडे करून [स्ट्रिंग] देतं, म्हणून नॉटएलेमच्या उजवीकडेही स्ट्रिंगचीच लिस्ट. एका ओळीत कॅर, दुसऱ्या ओळीत स्ट्रिंग, पण दोन्हीकडे प्रेडिकेटचा टाईप घटकाशी जुळतो आहे हे डोळ्यांनी तपासून पाहा.

लांबीवरून गाळताना

```
फिल्टर (> 3) (वर्ड्स ओळ)
```

तीनपेक्षा लांब शब्द हवे आहेत, पण इथे अख्ख्या शब्दाची 3 या आकड्याशी तुलना झाली. एरर वेगळ्या जातीचा येतो, क्रमांक जीएचसी-39999: स्ट्रिंगसाठी नमचा (आकड्यांच्या क्लासचा) इन्स्टन्स नाही. अर्थ इतकाच की स्ट्रिंगला आकडा मानता येत नाही. हे वाचून कोणी स्ट्रिंगसाठी नमचा इन्स्टन्स लिहायला बसतं. तसं करू नका. आकड्याच्या जागी स्ट्रिंग आली, एवढंच बघा, आणि मधे लेंथ घाला:

```
फिल्टर ((> 3) . लेंथ) (वर्ड्स ओळ)
```

हाच क्रमांक आणखी एका ठिकाणी भेटतो. कुठल्याही टाईपसाठी चालेल असं फंक्शन लिहिताना सिग्नेचर [ए] -> [ए] असं दिलं आणि आत == किंवा /= वापरलं, तर ईक्यूचा (बरोबरी तपासण्याच्या क्लासचा) इन्स्टन्स नाही अशी तक्रार येते. तिथे मात्र सिग्नेचरमध्ये "ईक्यू ए =>" जोडणं हाच बरोबर उपाय, कारण कुठल्याही दोन गोष्टींची तुलना करता येईलच अशी हमी ए-ने दिलेली नव्हती:

```
वगळ :: ईक्यू ए => ए -> [ए] -> [ए]
वगळ नको = फिल्टर (/= नको)
```

आणि सिग्नेचर [ए] -> [ए] ठेवून आत 'क' शी तुलना केली तर "रिजिड टाईप व्हेरिएबल" असा शब्दप्रयोग दिसतो. तुम्ही सर्वांसाठीचं वचन दिलं आणि कोड फक्त कॅरसाठी लिहिला. सिग्नेचर स्ट्रिंग -> स्ट्रिंग करा, झालं.

प्रेडिकेट बूल देतच नाही

फिल्टर टूअपर ओळ असं लिहिणाऱ्याला खरं तर मॅप हवं असतं. टूअपर कॅर घेऊन कॅर देतं, आणि फिल्टर घटक बदलत नाही, फक्त ठेवतं किंवा टाकतं.

याचा जास्त रंजक प्रकार म्हणजे मेबी. शब्दांतून फक्त आकडे वेगळे करायचे आहेत, म्हणून कोणी लिहितं:

```
फिल्टर रीडमेबी ["12", "क", "7"]
```

रीडमेबी बूल देत नाही. आकडा वाचता आला तर जस्ट, नाही तर नथिंग देतं. इथे तपासणी आणि रूपांतर दोन्ही एकदम हवं आहे, आणि त्यासाठी डेटा.मेबी मॉड्यूलमध्ये मॅपमेबी आहे:

```
आकडे :: [स्ट्रिंग] -> [इंट]
आकडे = मॅपमेबी रीडमेबी
```

["12", "क", "7"] दिल्यावर [12,7] मिळतं. सिग्नेचर इथे नुसती शिस्त नाही, गरजच आहे, कारण कोणत्या प्रकारचा आकडा वाचायचा हे रीडमेबीला त्यावरूनच कळतं.

उलट्या बाजूने, फिल्टरचा निकाल नेहमी लिस्ट असतो, एकच घटक मिळाला तरीही. पहिला सापडलेला घटकच हवा असेल तर फाइंड वापरा, ते मेबी देतं. फिल्टर लावून वर हेड लावू नका. काहीच सापडलं नाही तर प्रोग्रॅम कोसळतो, आणि जीएचसी 9.8 पासून हेडच्या वापरावर इशाराही येतो.

कंस विसरल्यावर

```
लेंथ फिल्टर इजडिजिट ओळ
```

हास्केल हे "लेंथला तीन अर्ग्युमेंट" असं वाचतं. एररमध्ये अर्ग्युमेंटची संख्या जास्त झाल्याचं स्पष्ट लिहिलेलं असतं. लेंथ (फिल्टर इजडिजिट ओळ), किंवा लेंथ $ फिल्टर इजडिजिट ओळ.

हाताने लिहिलेलं फिल्टर

रिकर्शनचा सराव म्हणून बहुतेक जण हे एकदा तरी लिहितात, आणि लिहायलाच हवं:

```
अंक :: स्ट्रिंग -> स्ट्रिंग
अंक "" = ""
अंक (क : बाकी)
  | इजडिजिट क = क ++ अंक बाकी
  | अदरवाईज   = अंक बाकी
```

एक्स्पेक्टेड [कॅर], ॲक्च्युअल कॅर, आणि बोट क वर. ++ दोन लिस्ट जोडतं, आणि क ही लिस्ट नाही, घटक आहे. घटक पुढे लावायला कोलन:

```
  | इजडिजिट क = क : अंक बाकी
```

[क] ++ अंक बाकी असंही चालतं, पण कोलन सरळ आहे आणि वरच्या पॅटर्नशी जुळतं: जसा उघडला तसाच बांधला. रिकाम्या ओळीसाठी "" च्या जागी ' ' परत देणं हीसुद्धा इथली नेहमीची चूक. ' ' हा स्पेस कॅर आहे, रिकामी स्ट्रिंग नव्हे.

गेटलाईन आणि टेक्स्ट

फिल्टर इजडिजिट गेटलाईन चालत नाही, कारण गेटलाईन ही स्ट्रिंग नसून आयओ स्ट्रिंग आहे: चालवल्यावर स्ट्रिंग देणारी कृती. डू ब्लॉकमध्ये ओळ <- गेटलाईन असं काढून घ्या, किंवा एफमॅप (फिल्टर इजडिजिट) गेटलाईन लिहा.

खऱ्या प्रकल्पांत स्ट्रिंगऐवजी टेक्स्ट हा टाईप जास्त वापरतात, कारण कॅरची लिस्ट मेमरी फार खाते. टेक्स्ट ही लिस्ट नाही, त्यामुळे साधं फिल्टर तिच्यावर चालणारच नाही. डेटा.टेक्स्ट मॉड्यूल टी या नावाने क्वालिफाईड इम्पोर्ट करून टी.फिल्टर वापरायचं. त्यालाही कॅर -> बूल असंच प्रेडिकेट लागतं, म्हणून वरचं सगळं तसंच लागू पडतं. एल्ममध्येही स्ट्रिंग ही लिस्ट नसते आणि तिथे स्ट्रिंग.फिल्टर आणि लिस्ट.फिल्टर अशी दोन वेगळी फंक्शनं आहेत. ओकॅमलमध्ये स्ट्रिंगचा आधी सीक्वेन्स करून, तो गाळून, परत स्ट्रिंग बांधावी लागते. तिथे शेवटची बांधणी विसरली की टाईप एरर येतो.

टाईप बरोबर, उत्तर चुकीचं

देवनागरी मजकुरावर काम करणाऱ्यांसाठी हे अगदी आवश्यक आहे, कारण इथे कंपायलर काहीच बोलणार नाही. हास्केलचा कॅर म्हणजे एक युनिकोड कोड पॉइंट. "मराठी" मध्ये डोळ्यांना तीन अक्षरं दिसतात, पण लेंथ 5 सांगतं: म, र, काना, ठ, आणि दुसरी वेलांटी. म्हणूनच 'म' चालतं पण 'ठी' एकेरी अवतरणात चालत नाही, तो एक कॅर नाहीच.

आता विरामचिन्हं काढायची म्हणून फिल्टर इजअल्फा "मराठी" चालवा. टाईप अगदी बरोबर, आणि उत्तर "मरठ". काना आणि वेलांटी युनिकोडमध्ये अक्षर या गटात येत नाहीत, चिन्ह या वेगळ्या गटात येतात, म्हणून इजअल्फा त्यांना नाकारतं. हलन्ताचंही तेच: "शब्द" चा "शबद" होतो. (जीएचसीआय हे उत्तर थेट दाखवताना आकड्यांचे एस्केप छापतं. वाचायला पुटस्ट्रएलएन वापरा.) अंकांमध्येही सापळा आहे: इजडिजिट फक्त 0 ते 9 हेच अंक ओळखतं, त्यामुळे फिल्टर इजडिजिट "२०४" रिकामी स्ट्रिंग देतं. तिथे इजनंबर लागतं.

देवनागरी शब्द शाबूत ठेवणारं प्रेडिकेट असं बांधा, आणि प्रत्येक वेळी जोडाक्षर आणि मात्रा असलेल्या दोन-चार शब्दांवर चालवून पाहा:

```
अक्षरं_ठेव :: स्ट्रिंग -> स्ट्रिंग
अक्षरं_ठेव = फिल्टर ठेवू
  व्हेअर
    ठेवू क = इजअल्फा क || इजमार्क क || इजस्पेस क
```